दुलईचा उघडा कोपरा

आमच्या दुकानातून तान्ह्या बाळाची जी दुलई बाहेर पडते, तिचा एक कोपरा उघडा असतो. उघडा म्हणजे फाटका नव्हे. चार बोटं शिवण सोडायची, कापड आत दुमडायचं, कापूस बाहेर येऊ नये म्हणून आतून आडवा टाका घालायचा. हा कोपरा बाळाच्या पायाशी यायला हवा. नवीन गिऱ्हाईक हटकून परत येतं, "आजी, इथं शिवायचं राहिलं वाटतं." मी म्हणते, "राहिलं नाही, ठेवलंय. बस, सांगते." आणि नीजबाईची गोष्ट सांगते. मला ती माझ्या सासूने सांगितली, तिला तिच्या सासूने. मी चार बुकं शिकले, पाचव्या वर्षी पाटी फुटली ती फुटलीच. पण या गोष्टीत कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला तर मी झोपेतही त्याचा कान धरीन.

नीजबाई ही काळाची थोरली बहीण. काळ एकदा एका घरी तान्हं मूल न्यायला गेला. मूल रडत होतं. बहीण म्हणाली, "रडतं पोर कशाला नेतोस? आधी मला निजवू दे, मग ने." काळ दारात बसून राहिला. नीजबाईने पोराला निजवलं, पाठीशी बांधलं आणि मागच्या दाराने जी निघाली ती अजून चालतेच आहे. काळ तिच्या मागे. पाय भरून आले की ती कुठल्या तरी घरात शिरते, आणि दुलईचा कोपरा उघडा दिसला की तिथून आत सरकून घटकाभर टेकते. ती आत असली की तिच्या पाठीवरचं पोर कुठलं आणि त्या घरचं कुठलं, हे काळाला कळत नाही. तो उंबऱ्यावरून पुढे जातो. एखाद्या घरी तिला पोचायला उशीर होतो. पण तिथलं पोरही ती भावाच्या हाती देत नाही, पाठीवर घेते. तिच्या पाठीवर जागा कमी पडत नाही.

हा शेवटचा भाग मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पोटुशीला तो सांगायचा नसतो. तो गेलेल्या पोरांच्या आयांसाठी आहे.

मला तो सासूने सांगितला. माझी थोरली लेक तेव्हा रांगायची, पाय टाकायला लागली नव्हती. ताप आला आणि गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासूने मला जन्मात 'ए' शिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी ती जवळ बसली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "पाठीवर आहे ती. तिचे पाय दुखायचे नाहीत." तेवढ्यावर मी उठले. चूल पेटवली, दुकान उघडलं, पुढे मुलगा झाला, त्याला वाढवलं. लोक म्हणतात, म्हातारी खमकी आहे. खमकी कसली. पोर कुठे आहे ते मला ठाऊक होतं, एवढंच.

मुलगा दुकानामागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र चालवतो. त्या घरघराटात लहानाचा मोठा झाला, त्यामुळे एक तर ओरडून बोलतो नाहीतर बोलतच नाही. सून त्यानेच शोधून आणली. ती शिकलेली, दवाखान्यात लोकांचं रक्त काढून तपासते. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "तूही सुईवाली, मीही सुईवाली. फरक इतकाच की माझं गिऱ्हाईक ओरडत नाही." हसली. हसरी होती.

ती दर आठवड्याला एका सभेला जायची. मी पण एकदा गेले. पांढऱ्या भिंती, ओळीने खुर्च्या, मूर्ती नाही, तसबीर नाही, एक फूल नाही. दवाखान्याचं बाहेरचं बाकडं बरं, तिथं निदान भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र तरी असतं. पुढे एक दीदी उभ्या राहून बोलत होत्या. देव एक आहे, त्याला रूप नाही, नाव नाही, त्याला गोष्ट नाही. गोष्टी माणसांनी भीतीपोटी रचल्या. मी उठून विचारलं, "बाई, गोष्ट नाही तर तुमची न् त्याची ओळख कुणी करून दिली?" खुर्च्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. सून कानापर्यंत लाल.

घरी येताना म्हणाली, "आई, तिथं प्रश्न विचारत नाहीत."

"मग खुर्च्या कशाला मांडल्यात? निजायलाच असेल तर गाद्या मी पुरवते."

अशी आमची भांडणं. त्यात जहर नव्हतं. ती म्हणायची, "नीजबाई कुणी पाहिलीय का?" मी म्हणायची, "तुझ्या त्या बिनरूपाच्याला पाहिलंयस का? माझीला निदान पाठ तरी आहे." मुलगा यंत्र बंद करून ऐकत उभा राहायचा, त्याला तेवढीच करमणूक. आणि सुट्टीच्या दिवशी हीच सून माझ्या शेजारी मांडी घालून दुलईला टाके घालायची. माझ्याकडूनच शिकली. टाका अगदी माझ्यासारखा पडायला लागला. किंचित डावा म्हणा, कारण मी अजून जिवंत आहे.

मग नातू झाला. गुबगुबीत, एकाच जागी पडून राहणारा, आवळून बांधलेल्या गठुड्यासारखा. मी त्याला गठुडंच म्हणायची. त्याची दुलई मी स्वतः केली, पिवळ्या कापडाची, कापूस तीनदा पिंजून घेतला. कोपरा ठेवला. दुलई त्यांच्या खोलीत गेली.

बाळ मान धरायला लागलं होतं. एका दुपारी दूध पिऊन झोपलं आणि उठलंच नाही. सून शेजारीच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. सुनेच्याच दवाखान्यातले, चांगले ओळखीचे. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "ताई, कधीकधी अशी लहान मुलं झोपेतच जातात. सगळं बघितलं. कारण सापडत नाही. तुमची काही चूक नाही." तिने मान हलवली. ती स्वतः त्याच कामातली, कारण सापडत नाही म्हणजे काय ते तिला माहीत होतं.

घरी आल्यावर ती आत गेली आणि पिवळी दुलई घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, हे बघा."

कोपरा बंद होता. बारीक, एकसारखे टाके, कापडाच्याच रंगाचा दोरा. काम माझ्या हातचं म्हणून खपलं असतं.

"दीदी म्हणाल्या होत्या, घरातल्या जुन्या भीत्या आपल्या हाताने बंद करा. मी बंद केला."

"अगं, पण पोराच्या अंगावर दुलई नव्हतीच. उकडतंय म्हणून तूच घडी घालून पायाशी ठेवली होतीस."

"पायाशीच होती ना. ती आली असेल. तिला आत शिरता आलं नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. माझे डोळे त्या कोपऱ्यावर गेले आणि तिथून हलेनात. तिने ते पाहिलं.

"तुम्हालाही तेच वाटतंय," ती म्हणाली.

मी "नाही" म्हटलं. पण ते फार उशिरा म्हटलं. "पाठीवर आहे तो" हे सासूचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण जिला आपणच आत येऊ दिलं नाही असं ती समजत होती, तिचीच पाठ तिला कशी दाखवू?

त्यानंतर तिने कात्री घेतली. आधी आपल्या खोलीतल्या उशा. प्रत्येक उशीचा कोपरा उसवून ठेवला. मग पलंगावरच्या गाद्या, मग बैठकीतले लोड. कापूस घरभर तरंगायचा, पाण्याच्या भांड्यात पडायचा, केसांत अडकायचा. दवाखान्यात जाणं बंद केलं. ताट समोर ठेवलं की एक घास चिवडून सरकवून द्यायची. गालफडं बसली. माझा मुलगा तिच्या मागे मागे सुई घेऊन फिरायचा, ती उसवायची, हा शिवायचा, वेडेवाकडे टाके, आणि ती वळून पुन्हा उसवायची. एवढा बाप्या माणूस, उशी मांडीवर घेऊन रडत बसलेला मी पाहिला.

तोच एकदा दुकानात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, ती अशीच राहिली तर ती पण जाईल. तू तिला सांग."

"काय सांगू? रोज सांगते, जेव म्हणून."

"ते नाही. ती गोष्ट खोटी आहे म्हणून सांग. माझं ऐकत नाही. म्हणते, तुम्हाला काय माहीत, आईंना विचारा. तुझं ऐकेल."

"खोटी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

तो ओरडला, यंत्र बंद असतानाही ओरडला, "आई, माझी बायको मरायला टेकलीय आणि तू गोष्ट धरून बसलीयस!"

त्याला काय सांगणार? थोरली गेली ती त्याच्या जन्माआधी. नीजबाईची गोष्ट खोटी म्हटली तर माझी थोरली मी कुठे ठेवू? एवढी वर्षं तिला पाठीवर बसवून मी निर्धास्त. आता या वयात तिला खाली उतरवू, आणि कुठे उतरवू?

म्हणून मी पळवाट काढली. सभेच्या दीदींकडे गेले. म्हटलं, "बाई, तुम्ही शिवायला सांगितलंत, आता तुम्हीच येऊन निस्तरा."

बाई आल्या. वाईट नव्हत्या. चपला बाहेर काढल्या, उसवलेल्या गादीवर सुनेशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. "ताई, तो देवाचा होता, देवाकडे गेला. ही गोष्ट फक्त माणसांची कल्पना आहे. तुमचा काही दोष नाही."

सुनेने मान वर केली. मग विचारलं, "दीदी, देवाने का नेला?"

"ते आपल्याला कळत नाही."

"डॉक्टरही हेच म्हणाले." तिने हळूच आपला हात सोडवून घेतला. "आईंच्या गोष्टीत कळतं."

दीदी उठल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चप्पल घालताना त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मावशी, माझी आजीही अशी एक गोष्ट सांगायची. विहिरीतल्या बाईची. मी अजूनही विहिरीत वाकून बघत नाही." मग घाईघाईने गेल्या, जणू मी उधारी मागेन.

मला त्यांचा राग येत होता, तो त्या दिवशी निम्मा गेला. डॉक्टरकडे कारण नव्हतं, सभेकडे नव्हतं. माझ्या गोष्टीकडे होतं, आणि बुडत्याने हाताशी येईल ते घट्ट धरावं तसं पोरीने ते धरलं होतं. ज्या गोष्टीला ती हसायची, तीच आता माझ्याहून जास्त मानत होती. मी तर कधी इतकी मानली नव्हती. माझ्यासाठी ती उशाशी ठेवलेल्या पाण्यासारखी, आहे एवढं पुरे.

पुढच्या आठवड्यात बसवरची कंडक्टर दुलई न्यायला आली. ही तरुण पोर आमच्या रस्त्यावरच्या बसला असते. पहिलटकरीण. पोट पुढे आलं होतं, खाकी सदऱ्याची खालची बटणं लागत नव्हती. सून दुकानात कोपऱ्यात बसलेली. हल्ली ती तिथेच बसायची.

मी दुलई उलगडून दाखवली. कंडक्टर म्हणाली, "अय्या, आजी, इथं उसवलंय."

मी तोंड उघडायच्या आत सून उठली. तिने दुलई हातात घेतली, तो कोपरा त्या पोरीच्या डोळ्यांपाशी नेला.

"हे बंद करू नका. मी केलं. माझं बाळ मेलं."

"ताई..."

"कुणी म्हटलं तरी बंद करू नका. दाई म्हटली, नवरा म्हटला तरी. ती येते आणि बंद असलं तर परत जाते. मग तुमच्याकडे कुणी राहत नाही."

कंडक्टर दोन्ही हातांनी पोट धरून मागे सरकली आणि रचलेल्या गाद्यांवर आपटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. बसमध्ये गर्दीत पुरुषांना दटावणारी पोर, ती माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी विचारत होती, "आजी, खरं का? आजी?"

एवढी वर्षं मी ही गोष्ट त्याच जागेवर बसून सांगितली. ऐकून बाया हसत घरी जायच्या. आता तेच शब्द होते आणि समोर एक पोटुशी थरथरत होती.

"खोटं आहे," मी म्हटलं.

सून माझ्याकडे वळली.

"सगळं खोटं आहे. नीजबाई नाही न् फीजबाई नाही. माझी सासू पक्की कामचोर होती. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत दोरा संपायचा, उठून नवा ओवायचा कंटाळा. गिऱ्हाईक ओरडायला लागलं की ही गोष्ट फेकायची. लोकांना आवडली, दुलया खपल्या. मग मीही तेच केलं. धंदा आहे हा. तू एवढी शिकलेली, दोरा वाचवायच्या गोष्टीवर विश्वास ठेवलास?"

असं मी बोलले. सासू माझ्या तोंडात राख घालील असं बोलले. आणि बोलता बोलता माझ्याच मनात आलं, असेलही. सासू आळशी होतीच. दोरा ओवायला नेहमी मलाच बसवायची. तो विचार एकदा शिरला, तो काही बाहेर गेला नाही.

"शपथ घ्या," सून म्हणाली.

"कुणाची घेऊ? माझीच घेते."

"तुमची नको. तुमच्या थोरलीची घ्या. म्हणा, ती कुणाच्या पाठीवर नाही."

हे मीच कधीतरी शिवताना तिच्याजवळ बोलून गेले असेन. मागे यंत्र चाललेलं, ते थांबलं. मुलगा दारात येऊन उभा राहिला, भुवयांवर कापूस.

सुनेचे डोळे माझ्या तोंडावर होते. हाडं वर आलेला तो चेहरा मी बघितला, आणि थोरलीचा आठवायला गेले. तो पुसट आला. गाल आले, डोळे नीट आले नाहीत.

"थोरलीची शपथ," मी म्हटलं. "ती कुणाच्या पाठीवर नाही."

मग मी सुई घेतली. कंडक्टरच्या दुलईचा कोपरा मांडीवर ओढला आणि तिच्या देखत, सुनेच्या देखत शिवायला लागले. टाके लहानमोठे पडले. असं काम मी कुणाला पाठवलं नसतं. कंडक्टर म्हणाली, "असू द्या आजी, छान झालंय," आणि दुलई छातीशी धरून निघून गेली. पैसे द्यायला विसरली, मीही मागितले नाहीत.

सून खाली बसली होती. आधी नुसतेच खांदे हलले. मग तिच्या तोंडातून आवाज आला, पोर गेल्यापासून न आलेला, मोठा, ओबडधोबड. माझा मुलगा धावला. मी त्याला हाताने थांबवलं. म्हटलं, "रडू दे. आता ती रडतेय, उसवत नाहीये."

त्या दिवशी ती थोडं जेवली. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. कात्री मी उचलून ठेवली होती, ती तिने मागितली नाही.

ती बरी होतेय असं मुलगा म्हणतो. म्हणो बापडा. बरी होणं वेगळं, उठून कामाला लागणं वेगळं. मला दोन्ही ठाऊक आहेत. दवाखान्यात जाते. सभेला जात नाही. दीदी एकदा येऊन गेल्या, दोघी बसून चहा प्यायल्या.

मी मात्र आता दुलया चारी कोपरे बंद करून देते. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "आजी, आमच्या वेळी तर तुम्ही..." मी म्हणते, "दोरा स्वस्त झालाय." शिवताना शेवटच्या कोपऱ्याशी आले की हात आपोआप थबकतो. त्याला दटावावं लागतं. आणि थोरली, जी एवढी वर्षं कुठे होती ते मला झोपेतही सांगता आलं असतं, ती कुठेच नसते. तिच्या पायांची काळजी मी कधी केली नव्हती. आता करते.

परवा सुट्टी होती. आम्ही दोघी उरलेल्या उशा भरत बसलो होतो. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सुनेने कापूस दाबता दाबता मान वर न करता विचारलं, "आई, मग तो कुठे आहे?"

या दुकानात बसून मला कुणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं कधी झालेलं नाही. गिऱ्हाइकाला दिलं, दीदीला दिलं, मेलेल्या नवऱ्याला दिलं. तोंडाशी दहा गोष्टी आल्या. एकही सांगता येईना.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. थोडी माझ्याकडे सरकली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

"आणि तुमची?"

"तिचंही माहीत नाही."

मी पुढची उशी घेतली. सुईत दोरा ओवायला गेले, पण मला सुईचं नेढंच दिसेना. सुनेने माझ्या हातातून सुई काढून घेतली, दोरा ओवला आणि त्या उशीचा कोपरा स्वतःच शिवायला लागली.